सात बरण्या समुद्र

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाचे अनुभव लिहून द्या, असं पत्र आलं तेव्हा वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून माझ्याकडे आलं असावं. अनुभव लिहावेत ते मुरलेल्या वकिलांनी, पेन्शनीत निघालेल्या फौजदारांनी. माझ्या कामाला अजून चारच पावसाळे झाले आहेत. आमच्या घराण्यात माझ्या आधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. लिहिण्याचं म्हणाल तर बाबा बाजाराच्या दिवशी टोपलीवर खडूने वांग्याचा भाव टाकतात, तेवढंच. आणि विषय काय, तर समुद्रातल्या माशांची अंडी! लिहिणारा अंजनगाव सुर्जीच्या पलीकडच्या खेड्यातला माळी. अशा माणसाने हे लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणा आहे, हे मला कळतं. वाचकांनी तो पोटात घालावा. कुठे चुकलो असलो तर कळवावं. मला बरंच वाटेल.

समुद्राचं काम अमरावतीत आलं ते आमच्या सरांमुळे. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. शिक्षण पुण्याचं, पण लहानपण कोकणात गेलेलं. तिथे तारली नावाचा एक लहान, तेलकट मासा असतो. एखाद्या वर्षी तो इतका येतो की लोक माडांना खत म्हणून घालतात आणि एखाद्या वर्षी औषधालाही मिळत नाही. असं का होतं, हे सरांना लहानपणापासून पडलेलं कोडं. मध्यप्रांत-वऱ्हाडाला समुद्र नाही, त्यामुळे आमच्या सरकारात या कामाला खातंच नाही. मुंबईकडून थोडं विद्यावेतन मिळालं आणि त्यावर सरांनी एक माणूस नेमायचं ठरवलं. स्वतः जाण्यात अडचण अशी की सरांना होडी लागते. किनाऱ्यावर वाढलेला हा माणूस होडीत पाय ठेवला की पांढराफटक पडतो.

वर्गात त्यांनी विचारलं, "तासन्‌तास मान खाली घालून बारीक वस्तू निवडत बसायची सवय कुणाला आहे?"

मी भीत भीत हात वर केला. मिरचीच्या रोपातलं तण निवडण्यात माझं अर्धं लहानपण गेलं होतं.

"पण सर, मी समुद्र पाहिलेला नाही," मी म्हणालो.

"उत्तम! म्हणजे चुकीच्या कल्पनाही नसतील," सर म्हणाले. माझी नेमणूक झाली ती अशी.

आता काम काय ते सांगतो. तलम मलमलीची एक लांब टोपी शिवतात, नरसाळ्यासारखी निमुळती. तिच्या शेंड्याला बाटली बांधतात आणि ती होडीमागून हळूहळू ओढतात. पाणी कापडातून निघून जातं आणि पाण्यात तरंगणारं बारीकसारीक सगळं बाटलीत उतरतं. ते कुजू नये म्हणून औषधी पाण्यात मुरवून बरणीत भरायचं, तोंडाला मेण लावायचं आणि मग कुठेही बसून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा निवडायचा. त्याबरोबर समुद्राचं पाणी किती खारं, किती थंड, वारा कुठला, हेही टिपून ठेवायचं.

तारलीचं अंडं खसखशीपेक्षा किंचित मोठं, काचेसारखं आरपार, आत तेलाचा एक थेंब. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर ते तरंगतं. जोराचा पाऊस होऊन खाडीचं गोडं पाणी समुद्रात लोटलं की पाणी हलकं होतं, अंडं तळाच्या चिखलात बसतं आणि संपतं. एवढ्यातून वाचलं तर एका दिवसात फुटतं आणि पापणीच्या केसाएवढं पिल्लू बाहेर येतं. पुस्तकात त्याला डिंभ म्हणतात, मी पिल्लूच म्हणेन. त्याला तोंड फुटलेलं नसतं. पोटाला बलकाची पिशवी बांधलेली असते, तीच त्याची दोन-तीन दिवसांची शिदोरी. शिदोरी संपायच्या सुमाराला तोंड उघडतं. त्या वेळी आसपास खायला असेल तर ते जगतं. आणि खायला असणं हे वाऱ्यावर. पावसाळी वारा ठरावीक बाजूने वाहिला की वरचं पाणी किनाऱ्यापासून सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. त्या थंड पाण्यात समुद्राचं खत असतं. मग पाण्यावर हिरवं बारीक शेवाळ माजतं, त्यावर सूक्ष्म किडे पोसतात आणि ते किडे पिल्लांचं अन्न. वारा पडला तर खत वर येत नाही. वारा फार झाला तर पिल्लंच खोल समुद्रात वाहून जातात.

सर हे सांगत होते तेव्हा मी वर्गात एकटाच हसलो. सरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, सर, हा तर वाफसा आहे. पुण्याच्या सरांना वाफसा ठाऊक नव्हता. पेरायच्या वेळी जमीन कोरडीही नको आणि चिखलही नको, मधली जी नेमकी ओल लागते तिला आम्ही वाफसा म्हणतो. मोठं झाड ऊनपाऊस सोसतं, रोपाला मात्र एक वाईट दिवस पुरतो. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'समुद्राचा वाफसा' असं लिहिलं आणि आम्ही आजही तोच शब्द वापरतो.

मे महिन्यात, कोकणातल्या एका मच्छीमार वाडीत, मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ चांगलं लिहिलं आहे, म्हणून मी एकच सांगतो. मी खाली वाकून बोट बुडवलं आणि चाखलं. आमच्याकडे सवयच आहे ती. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात सोयरीक जुळवायला गेलं तरी माणूस आधी त्या घरच्या विहिरीचं पाणी चाखतो.

मागून कुणीतरी खो खो हसलं. "काय रे, दर्या आळणी लागलो की काय?"

ते पांडू तांडेल. पुढे मी त्यांच्याच पडवीत राहिलो. सहा फूट उंच, दोन्ही कानांत भिकबाळ्या आणि बोलणं वाऱ्यावरून हाक मारल्यासारखं. मी म्हटलं, "आमच्याकडच्या विहिरी अशाच आहेत, काका. जरा कमी खाऱ्या."

"विहीर खारी? मग मासे गावतत काय विहिरीत?"

"बेडूक गावतात."

एवढ्यावर आमची दोस्ती झाली. त्यांनी गावभर मला बेडूकमास्तर करून टाकलं.

तांडेलांकडे वाडीची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं अवाढव्य जाळं. एकट्याचं काम नव्हे. निम्मी वाडी एका दोराला, निम्मी दुसऱ्या दोराला. प्रत्येक घराचा त्यात वाटा. तारली आली की वाडीला वर्षभराचं काम मिळायचं. पण ओळीने दोन वर्षं तारली आलीच नव्हती. जाळ्याला दरवर्षी झाडाची साल उकळून रंग द्यावा लागतो, उसवलेलं विणावं लागतं, नाहीतर ते कुजतं. दोन वर्षं वाडीने ते सगळं केलं आणि जाळं कोरडंच राहिलं. आता खालच्या बंदरातला एक जण रापण विकत मागत होता. ती विकायची, तरण्या पोरांनी मुंबईच्या गोदीत जायचं, असं निम्म्या वाडीचं मत झालं होतं. दसऱ्याला गिऱ्हाईक जबाब घ्यायला येणार होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तांडेल माझ्याजवळ येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. म्हणाले, "बेडूकमास्तर, तुज्या त्या बाटलीत दिसता काय, औंदा येतली की नाय?"

मी म्हटलं, "काका, पावसाळ्यात अंडी पडतील. त्यातली पिल्लं वाढताना दिसली, तर येईल असं म्हणता येईल."

"मग दसऱ्याआधी सांग. तू सांगशील तोवर मी कोणाक हां म्हणूचंय नाय."

एवढा मोठा माणूस माझ्या शब्दासाठी थांबतो आहे, याची मला आगगाडीत बसल्यावर भीती वाटायला लागली.

नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ पडला की होड्या निघतात. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तांडेलांनी आमची मलमलीची टोपी एक दिवसाआड, एकाच ठिकाणी ओढायची आणि गावच्या शाळामास्तरांनी सात बरण्या भरून पाठवायच्या, असं ठरलं होतं. मास्तर हौशी. त्यांनी प्रत्येक बरणीवर सुंदर वळणदार अक्षरात शाईने दिवस लिहिलेला कागद चिकटवला. एका लांबट खोक्यात गवत घालून सातही बरण्या एका ओळीत ठेवल्या, पहिली एका टोकाला आणि शेवटची दुसऱ्या. खोकं मोटारीने घाट चढून कोल्हापूरला आणि तिथून गाड्या बदलत बदलत बडनेऱ्याला आलं. बडनेऱ्याचे पार्सलबाबू मला म्हणाले, "यात काय हाय?"

"समुद्राचं पाणी."

"पानी कायले मांगवता बाप्पा? अमरावतीचे नळ सुकले का?"

खोकं हाती आलं ते नेमकं गौरी-गणपतीच्या सुट्टीत. प्रयोगशाळेला कुलूप, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरचा मुलगा पानावर नाही असं वऱ्हाडात चालत नाही. शेवटी सरांनी स्वतःचा जुना पितळी सूक्ष्मदर्शक मला दिला आणि म्हणाले, "घरी जाऊनच बघ. फक्त जपून." मी मूर्तिजापूरला उतरून अंजनगावच्या छोट्या गाडीत बसलो. खोकं मांडीवर ठेवलं होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, मुखवटे हायेत का? मी हो म्हणून टाकलं.

घरी पोचलो तर ओसरीत महालक्ष्म्यांची तयारी चाललेली. खोकं कोपऱ्यात ठेवून मी मायला सांगितलं, "माय, याले कोणी हात लावू नका. समुद्राचं पाणी हाये." आणि बाबांनी बोलावलं म्हणून झेंडू तोडायला मळ्यात गेलो. आत मासे आहेत हे मी सणाच्या घरात बोललो नव्हतो, कारण त्या तीन दिवसांत आमच्याकडे कोंबडीचं नावही घेत नाहीत.

त्या घरात माझी आत्याबाई होती. आत्याबाई आमच्या गावातून काशीला जाऊन आलेली पहिली बाई. तिने आणलेल्या गंगेचं मावंदं झालं तेव्हा पाच गावं जेवली होती. गंगा घरी आली की तिची पूजा केल्याशिवाय झाकण उघडायचं नाही आणि पूजा झाल्यावर घरोघर तीर्थ द्यायचं, ही रीत. समुद्राचं पाणी म्हटल्यावर तिने विचार केला, तो मला नंतर सांगितला. सगळ्या नद्या शेवटी समुद्रालेच भेटतात. मंग यात गंगा नाई का?

मी झेंडूची टोपली घेऊन परतलो, तर अंगणात रांगोळी काढलेली. पाटावर सातही बरण्या एका ओळीत. चिंचेने घासूनपुसून आरशासारख्या लखलखीत. प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीच्या गळ्यात दोरा. शेजारपाजारच्या बायका पदर घेऊन बसलेल्या आणि आत्याबाई हातात विळा घेऊन पहिल्या बरणीचं मेण खरवडते आहे.

"आत्याबाई, थांब! काय करतं?"

"तीर्थ देतो न बाप्पा साऱ्यायले. बस तू बी."

"अवो, थे औषध हाये! जहर हाये जहर!"

आत्याबाईने विळा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "समुद्रातून जहर निघालंच होतं. थे महादेवानं पेलं. आपन नाई पेत."

बायका हसायला लागल्या. मला मात्र हसू येईना. मी बरण्यांकडे पाहत होतो. मास्तरांचे कागद कुठे आहेत? माझी वहिनी म्हणाली, "थे मळके कागद? शिवताशिवतीचे असतीन म्हनून भिजवून काढले आम्ही. पूजेले स्वच्छ नको का?" शाई चिंचेच्या पाण्यात केव्हाच वाहून गेली होती.

वाचकांना यात एवढं काय, असं वाटेल. सगळं काम बरण्यांच्या क्रमावर होतं. पहिल्या बरणीतली पिल्लं बारीक आणि शेवटच्या बरणीतली मोठी असतील, तर ती जगली, वाढली. उलट असेल, आधी मोठी दिसत होती आणि नंतर नुसती बारीकच उरली, तर मोठी झालेली सगळी मेली किंवा वाहून गेली. क्रमच हरवला तर मी तांडेलांना काय सांगणार? पिल्लांच्या आकारावरून बरण्या लावाव्यात तर तीही फसवणूक. जे शोधायचं तेच आधी गृहीत धरल्यासारखं.

मी पाटाशेजारी खाली बसलो. आत्याबाई जवळ आली. "काहून रे नाम्या, तोंड काहून उतरलं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "यवढंच? म्या का बरण्या अशाच मांडल्या का? एकेक काढली, एकेकीचं नाव घेतलं, मंग धुवाले देल्ली, अन् नाव घेऊनच जागेवर मांडली. ही गंगा. ही जमना. ही गोदावरी, ही सरसोती, ही नर्मदा. मंग तापी. अन् शेवटची आपली पूर्णा."

"खोक्यातून ओळीनं काढल्या?"

"मंग का उड्या मारत काढीन?"

मी आत्याबाईच्या पाया पडलो. पाया पडून उठता उठता पुढचा प्रश्न सुचला आणि पुन्हा खाली बसलो. खोक्याच्या कुठल्या टोकाकडून? दाराकडच्या, ती म्हणाली. पण दाराकडे मास्तरांची पहिली बरणी होती की शेवटची? मी खोकं कोपऱ्यात कसं ठेवलं होतं ते मलाच आठवेना. ओळ होती, पण ती कुठून वाचायची ते ठाऊक नव्हतं.

तरी काम थांबवलं नाही. महालक्ष्म्या जेवल्या, विसर्जन झालं, आणि ओसरीच्या उजेडात मी सूक्ष्मदर्शक मांडला. पहिल्यांदा बाबा येऊन बसले. एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "यायले डोये हायेत रे."

"हो बाबा. अंड्यातून निघाल्यावर आधी डोळेच दिसतात."

"अन् थे पोटाले काय?"

"शिदोरी."

"अरे वा! मायनं बांधून देल्ली." बाबांनी हाक मारली, "ओ, पाह्य इकडं! पोराच्या बाटलीत लेकरं हायेत, अन् शिदोऱ्या घेऊन चालले!"

मग सगळं घर लोटलं. माय पाहायला वाकली आणि विचारलं, "कोनाचे लेकरं?" आता लपवून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "माशाचे."

"मासे? म्हालक्ष्म्यांपुढं मासे मांडले व्हय आपन?" मायने कपाळाला हात लावला. आत्याबाई मात्र सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाली, "देवानं पयला अवतार कशाचा घेतला होता, थे सांग बरं मले?" आत्याबाई पाहतच राहिली. पुढचे तीन दिवस ती माझ्याजवळ येऊन बसायची आणि विचारायची, "आता कोनती चालू हाये? सरसोती? तिच्यात कित्ती लेकरं निंगाले?" शेजारच्या बायकाही भाजी निवडता निवडता चौकशी करून जायच्या. एकीने तर आपल्या सुनेला आणून दाखवलं. म्हणाली, "पाह्य, अंड्यातून काहाडल्यावर दोन दिवस तरी माय पुरवते, मंग ज्याचं त्यानं." ती सून लाजून पळाली. इतक्या आनंदाने मी पुन्हा कधी मोजणी केली नाही.

निकाल असा. गंगेत नुसती अंडी आणि केसासारखी पिल्लं. जमनेत तशीच. गोदावरीपासून पुढे प्रत्येक बरणीत थोडी मोठी मोठी. नर्मदेच्या तळाशी तांबडी माती बसलेली आणि तिथे अंडी एकदम कमी. पूर्णेत तर पोटात हिरवट दाणे भरलेली, चांगली खाल्लेली पिल्लं. आता गंगा पहिली असेल तर वाडीला आनंद. पूर्णा पहिली असेल तर उलटा हिशेब.

मी मास्तरांना पत्र टाकलं: बरण्या भरत असताना खाडीला पूर केव्हा आला होता? कुठल्या बरणीच्या वेळी पाणी तांबडं होतं? कागद कसे गेले हे लिहिलं नाही. पूजेची हकिकत कोकणात पोचली असती तर बेडूकमास्तर हे नाव बरं वाटलं असतं, इतकी माझी शोभा झाली असती.

सुट्टी संपून अमरावतीला गेलो. सरांना मात्र सगळं खरं सांगितलं. मी रागाची तयारी ठेवली होती. सर हसता हसता खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले आणि डोळे पुसत म्हणाले, "तुझ्या आत्याबाई कॉलेजात येतील का रे? माझी मुलं नोंदी इतक्या नीट ठेवत नाहीत." मग गंभीर होऊन म्हणाले, "इतके दिवस मीही बरण्यांवर कागद बाहेरूनच चिकटवत आलो. आता शिसपेन्सिलीने चिठ्ठी लिहून बरणीच्या आत टाकायची. शिसपेन्सिल पाण्याने जात नाही." तेव्हापासून आम्ही तसंच करतो. या कामात नवीन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मास्तरांचं उत्तर आलं. गोकुळाष्टमीला रात्रंदिवस पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी तांडेल कसेबसे गेले, पाणी विटेच्या रंगाचं होतं. ती पाचवी बरणी.

मी बोटांवर मोजलं. गंगा, जमना, गोदावरी, सरसोती, नर्मदा. पाचवी नर्मदा. तांबडी माती नर्मदेतच होती. पूर्णेकडून मोजलं तर पाचवी गोदावरी येते, आणि तिचा तळ स्वच्छ होता. म्हणजे गंगाच पहिली. पाऊस मध्येच येऊन गेला, पुष्कळ अंडी त्याने बुडवली, पण आधी फुटलेली पिल्लं जगली होती आणि जेवत होती.

मी पळत सरांच्या घरी गेलो. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. "छान. पण सातच बरण्या, एकच जागा. तारली किनाऱ्याला लागायला अजून महिना-दीड महिना, तेवढ्यात समुद्रात काय काय होईल. आपण 'बहुधा' म्हणायचं."

"सर, तांडेलांना बहुधा म्हणून काय करता येईल? जाळं अर्धं विकता येत नाही."

सरांनी दौत आणि टाक माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाले, "तू लिही. मी त्यात शब्द घालणार नाही."

मी लिहिलं. पोरं मोठी होताना मी स्वतः पाहिली आहेत, येतील असं मला वाटतं. मी चुकूही शकतो, समुद्र पाहून मला चार महिनेच झाले. माझं घर असतं तर मी रापण ठेवली असती. पत्र पेटीत टाकलं आणि हात आत घालून परत काढता येईल का, तेही पाहिलं.

दसरा झाला. तांडेलांनी गिऱ्हाईक परत पाठवलं, एवढं मास्तरांनी कार्डावर कळवलं. वाडीत त्यावरून भांडण झालं आणि दोन पोरं रागाने मुंबईला निघून गेली, हेही त्यात होतं. मग काहीच नाही. कोजागिरी झाली. टपालवाला वसतिगृहाच्या फाटकाशी दिसला की मी जिना उतरायचो. जेवण गोड लागेना. माझा खोलीमित्र गुलाब म्हणायचा, "अबे, मासोई तिकडं, दर्या तिकडं, अन् तू इकडं कायले वाळून राह्यला?"

दिवाळीला मी अकोल्याला मामांकडे गेलो. मामांचं जठारपेठेत फुलांचं दुकान आहे आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिथे श्वास घ्यायला जागा नसते. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या वेण्या, दुकानांच्या तोरणांची घाई. मी पाटावर बसून हार ओवत होतो. तेवढ्यात गिऱ्हाइकांची गर्दी आपोआप दुभंगली. लोक नाकाला धोतराचा सोगा लावून बाजूला झाले आणि मधून गुलाब आला. हातभर लांब ठेवून त्याने एक पुडकं धरलं होतं.

"घे तुहा समुद्र!" तो ओरडला. "वसतिगृहात आला. रेक्टर म्हनते, हे जाईल नाईतर तुमी दोघं जासान. अमरावतीपासून डब्यात मी एकटाच बसून आलो, भाऊ. कोनी आतच येईना!"

मामा उठले. "लक्ष्मीच्या दिवशी फुलाच्या दुकानात मासोई? नाम्या, माहा धंदा बुडवतं का बे?"

"मामा, एकच मिनिट," मी म्हणालो. बोटं झेंडूने पिवळी झाली होती आणि दोरीची गाठ सुटत नव्हती. शेवटी मामांनीच हाराची कात्री पुढे केली आणि स्वतःही वाकून पाहायला लागले.

पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सालीत बांधलेली, मिठात वाळवलेली तारली. करंगळीएवढी, एकसारखी, ओळीने रचलेली. वर मास्तरांच्या वळणदार अक्षरातला कागद होता. मी तो वाचायला लागलो तर मामा म्हणाले, "मोठ्यानं वाच." मी मोठ्याने वाचला.

"नरकचतुर्दशीच्या आठ दिवस आधी तारली आली. सकाळी पाणी काळं दिसलं आणि तांडेल धोतर सोडून पळाले. दोराला माणसं कमी पडली म्हणून मी शाळा सोडली आणि मुलांसकट ओढायला लागलो. भटजीही लागले. मुंबईला गेलेल्या दोघांना तार केली आहे. तांडेल सांगतात, बेडूकमास्तराला लिही, रापण दोन ठिकाणी फाटली आणि सगळी वाडी किनाऱ्यावर बसून, गाणी म्हणत, ती विणते आहे."